गळतं इंजिन

फ्रान्स, ९ जानेवारी १९१८

ती. आजीस मर्डोचा सा. न. वि. वि.

मोजे पोचले. एक लांब, एक आखूड; पण पाय दोन्ही गरम आहेत. तिथे नेमकं करतोस तरी काय, असं तू विचारलंस. एका लढाऊ विमानाचं इंजिन सांभाळतो. सहा नळकांडी ओळीत उभी आणि त्यांच्याभोवती पत्र्याच्या आत पाणी. आपला कपडे उकळायचा बंबच समज. हे पाणी आहे म्हणून इंजिन जळत नाही. थंडीत संध्याकाळी पाणी काढून टाकायचं आणि सकाळी उकळून पुन्हा ओतायचं. परवा तळाशी थोडं राहिलं, गोठलं आणि पत्र्याला चीर गेली. आता थेंब थेंब गळतं. नवा भाग मिळत नाही. महिनाअखेर विमान उडालं नाही तर तू खंदकात, असं सार्जंटने बजावलंय. विमान चालवणारे हॅलिडेसाहेब माझ्याहून लहान. ते म्हणतात, मर्डो, तू हो म्हण, मी डोळे मिटून बसतो.

माया असू दे.
तुझा मर्डो

गॅलोवे, १६ जानेवारी

चि. मर्डोस आशीर्वाद.

फुकटचे मोजे आणि वर मापं काढतोस! माझे डोळे गेलेत, तुझी जीभ मात्र शाबूत आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली.

एवढ्याशा चिरेला काय घाबरतोस? पाद्रीणबाईंचा बंब गळायला लागला तेव्हा मी उकळत्या पाण्यात मूठभर ओटचं पीठ टाकलं. पीठ फुगतं, आपणहून भोक शोधतं आणि तिथे बसतं. आजतागायत थेंब नाही. गावातली प्रत्येक बाई हेच करते. सार्जंटला विचारू नकोस. चुलीजवळचं शहाणपण बाप्यांच्या नाकाला झोंबतं. सोबत पुरचुंडी आहे. उरलं तर पेज करून खा, म्हणजे हाडांवर काही चढेल.

जपून राहा, एवढंच मागते.
तुझी आजी

फ्रान्स, ३ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

पीठ टाकलं. गळती थांबली. सार्जंटने पाठ थोपटली. हॅलिडेसाहेबांनी विचारलं आणि मी हो म्हणालो.

दोन दिवस विमान नीट उडालं. तिसऱ्या दिवशी वाफ सोडत परत आलं, इंजिन बंद पडलेलं. मैदानाच्या कडेला झाडांवर आदळलं. साहेब गेले.

इंजिन मीच उघडलं. आजी, तुझा बंब एका जागी उभा असतो. माझ्या इंजिनात पंप पाणी सारखं फिरवतो. पीठ चिरेत थांबलं नाही. पंपात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खळीसारखं घट्ट बसलं. मी सगळं धुऊन टाकलं. सार्जंट म्हणतो, गोळी लागली असेल.

काल साहेबांच्या आईचं पत्र आलं. मर्डो आहे तोवर इंजिनाची काळजी नको, असं त्यांनी घरी लिहिलं होतं म्हणे. ती विचारते, इंजिन चांगलं होतं ना? तिला खरं लिहू का? लिहिल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.

मर्डो

गॅलोवे, ११ फेब्रुवारी

चि. मर्डोस,

पीठ माझं, अक्कल माझी. जन्मात एकदा माझं ऐकलंस, आणि नेमकं हेच ऐकलंस.

मी पाद्रीबाबांना विचारून आले. नाव सांगितलं नाही. खरं बोलावं म्हणाले. त्यांचं काय जातं? त्यांना पोरं नाहीत. मी माझ्या पोराला, तुझ्या बापाला पुरलंय. त्या बाईला काय हवंय ते मला कळतं. आपला पोरगा भरवशाच्या माणसाच्या हातात होता, एवढंच तिला ऐकायचंय. तू खरं लिहिलंस तर तुला झोप लागेल आणि तिची जाईल.

तेव्हा लिही, इंजिन चांगलं होतं. स्वच्छ अक्षरात लिही. पुढे कधी ती भेटायला आली, तुझा हात हातात घेऊन रडली, तरी गप्प बस.

अर्धं ओझं माझं, असं म्हणणार होते. पण मी आता किती जगणार? मी गेले की तेही तुझ्याच डोक्यावर येईल. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

रागावलास तरी चालेल, पत्र टाकत जा.
आजी