एका ताटातली साखळी

राजापेठ, अमरावती

प्रिय रश्मे,

रोज फोनवर तुझं डोकं खाणारी बाई आज कागद घेऊन बसली, म्हणून हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच. माझी नात गीतांजली कबड्डीच्या संघात निवडली गेली. डावा कोपरा, तुझीच जागा! साखळीत तिच्या शेजारी धारणीकडची एक कोरकू पोर आहे. दोघींना एकमेकींची बोली अर्धीच कळते, पण हात असे घट्ट धरतात की चढाईवाली कावरीबावरी होते. स्पर्धा तुझ्याच अकोल्याला आहे आणि मुलींच्या मुक्कामाबाबत आयोजकांनी ऐन वेळी हात वर केले. ओळखीपाळखीत उतरा म्हणे! इथेच घोडं अडलं.

मी जीवनला म्हटलं, दोघी रश्मी मावशीकडे राहतील. माझा लेक वाईट नाही गं. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला हाच धावत आला होता. पण आता मान खाली घालून मला विचारतो, "त्यायच्या घरी खाण्यापिण्याचं कसं करायचं?" असा संताप आला मले! रक्त चालते अन् भाकर नाही चालत? तिकडे गीतांजली दाराआड उभी राहून रडत होती. बापानं नाही म्हटलं, तर तिच्या जागी दुसरी पोरगी जाणार.

तेव्हापासून मला मूर्तिजापूरचं आपलं मैदान आठवून राहिलं. श्रावण सरांचा तो नियमही आठवला. साखळीतल्या दोघींनी स्पर्धेच्या आठवड्यात एकाच ताटात जेवायचं. जेवताना जिचा हात आखडतो तिचा मैदानातही आखडतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी तू ताटाच्या त्या काठाला, मी या काठाला, मधे भाकरींची चळत. घरी कळलं असतं तर मायनं मला उभी चिरली असती. पण तुझी आई, जाईबाई, पातोडीची भाजी घेऊन आली होती आणि तिच्या तर्रीचा वास नाकात शिरला होता. मला काही समाज सुधारायचा नव्हता बाई, मला भूक लागली होती! पुढे पुढे आपण शेवटच्या पातोडीवरून भांडायला लागलो. ते पाहून सर म्हणाले, आता जमली साखळी.

अंतिम सामन्यात ती धिप्पाड पोरगी अंगावर आली आणि मी तोंडावर आपटले. तू हात सोडला नाहीस. तुझं मनगट मुरगळलं, पण पकड झाली आणि आपण जिंकलो. घरी आल्यावर माझ्या मायनं तुझ्या मनगटाला हळदीचा लेप लावला, तोही ओसरीवर नाही, थेट चुलीपाशी बसवून. ताटाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. तिनं फक्त तुझं सुजलेलं मनगट पाहिलं. मला तेव्हा रडू आलं होतं, आत्ता लिहितानाही येऊन राहिलं.

तू म्हणशील, मले ठाऊक असलेलंच काहून लिहून राहिली ही? अगं, तुझ्यासाठी लिहिलंच नाही. जीवन शेवटी एवढ्यावर तयार झाला की पोरींना तुझ्या दारापर्यंत सोडेन, त्यांच्या खाण्याचा दशम्यांचा डबा सोबत देईन आणि मागल्या पावली परतेन. म्हटलं, बरं बाबा. मग हे पाकीटही मावशीच्या हाती दे. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. गाडीत वाचल्याशिवाय त्याला राहवणार नाही, मी ओळखते ना त्याला. दशम्यांचा डबा मी पिशवीतून काढून गव्हाच्या कोठीमागे ठेवला आहे. हे त्याला कळेल तेव्हा गाडी मूर्तिजापूरच्या पुढे गेली असेल. पोरींना एकाच ताटात वाढ. त्याला आग्रह करू नकोस, नुसतं बस म्हण. आणि पातोडीची भाजी जरा जास्त कर, जीवनला फार आवडते.

तुझा हात धरून उभी असलेली, तुझीच
वच्छला