'ऐक'चं नाव बदलणार नाही

चौसाळा,
१४ ऑगस्ट २०२५

चि. मन्मथ,

दादाचा आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. दुकानात पंपांच्या जळक्या मोटारींची रांग आहे. तुझी वहिनी हल्ली ओरडूनच बोलते, गल्लीला वाटतं आमचं भांडण चालूय. तसं काही नाही. तुझे चार फोन उचलले नाहीत, राग मानू नको. दुकानात कालवा लई असतो.

मेसेज वाचला. तुझी पुण्याची कंपनी माझ्या कोडाची लायब्ररी घ्यायला तयार आहे. फक्त तिचं 'ऐक' हे नाव काढून इंग्रजी टाकायचं आणि माझं नाव कुठं दिसू द्यायचं नाही. वर तू लिहितोस, "दादा, एवढं ऐक."

नाही ऐकत.

मोटारीच्या आवाजावरून बेरिंग गेलंय की वाइंडिंग, हे सांगणारा प्रोग्राम या दहावी नापासानं रस्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिला. तुझी वहिनी म्हणली, "रस्ट म्हंजे गंजच ना? गंजात काहून लिहिता?" तू म्हणालास, "आख्खा प्रोग्राम कोण उतरवून घेईल? वेबवाल्याच्या पानात बसेल असा काढून दे." ते मात्र ऐकलं. गिऱ्हाईक भाग गेला म्हणून पंप बदलत नसतं. खिडक्या, बटणं सगळं काढलं, नुसता कान ठेवला आणि कुठल्याही ब्राउझरात चालावा म्हणून वेबअसेंब्लीत बांधला. आवाज द्या, दोष घ्या, अशी लायब्ररी. ज्याला रस्टचा 'र' येत नाही, त्यानंही एका ओळीत जोडावा.

पहिल्यांदा फसलो. रिकामी फाइल दिली की माझा कोड कोसळायचा आणि समोरच्याचं पानही गोठायचं. तेलगावची स्वप्नाली पंपवाल्यांची वेबसाइट चालवते. तिनं तोंडावर सुनावलं, "काका, पाहुणे म्हणून आलात अन् घरच पाडलं की!" तेव्हापासून आवाज मिळाला नाही तर लायब्ररी गुमान सांगते, 'ऐकू आलं नाही.'

ते वाक्य कोडात लिहायला दहा मिनिटं लागली. मला तोंडानं म्हणायला दीड वर्ष लागलं, तेही अजून फक्त तुझ्या वहिनीपुढं.

डावा कान गेलाय, मन्मथ. उजवाही त्याच वाटेनं निघालाय. लोक अजून म्हणतात, "विश्वेश्वरअण्णाचा कान म्हंजे मशीन हाय." मी मोटारीवर हात ठेवून मान डोलावतो आणि मोबाईल जवळ धरतो. दोषाचं निदान तो करतो. पण त्याला ऐकायला मी शिकवलं, दोनशे मोटारींचे आवाज भरून, कान शाबूत होते तेव्हा. त्याला दुसऱ्याचं नाव लावू?

काल लायब्ररी सगळ्यांना खुली केली. नाव 'ऐक', खाली माझं नाव आणि चौसाळा. ते पुसायचं नाही, असं वापरायच्या परवान्यातच लिहिलंय. तुझ्या कंपनीनंही खुशाल घ्यावी. इंग्रजी अक्षरांत का होईना, पण हाक 'ऐक' अशीच मारावी लागेल.

फोन करू नको. कारण आता तुला कळलंय. लिही, नाहीतर ये. आलास की उजव्या बाजूला बस.

तुझा, आधीही कुणाचं न ऐकणारा,
विश्वेश्वरदादा