हार्प विकायची राहिली, त्याबद्दल

ती. मधुताईस,

धाकट्या राजवीरचा लांबूनच नमस्कार (जवळ असतीस तर पाया पडता पडता चिमटा काढला असता). तू, तुझी बोटं आणि तिकडची थंडी, सगळं बरं असंल असं धरून चालतो. तात्या बरं हायत. दिवसभर दूध संघात असत्यात, घरी आलं की टीव्हीपुढं झोपत्यात. फोन सोडून पत्र का, तर फोनवर माझं खोटं तू दुसऱ्या वाक्याला पकडतीस.

तू कळवलंस, कॉलेजनं सत्तेचाळीस तारांची मोठी हार्प दिलीया, घरची चौतीसवाली विकून टाक. जाहिरात टाकली की लगेच! पण गिऱ्हाईकंच वंगाळ, त्याला मी काय करू? पहिला विजयसिंह, गगनबावड्याच्या रस्त्यावर हॉटेल हाय त्याचं, दारात शोभेला पायजे होती. मी एवढंच म्हणलं, पावणं, न्या की, पण तिकडच्या पावसात तार तुटली की थेट डोळ्यात जाती. अर्धा चहा टाकून गेला. दुसरा शिरोळचा बँडवाला, वरातीत ट्रॅक्टरवर वाजवणार म्हणं. तार डोळ्यात जाती म्हणलं तरी भ्याला न्हाय, हेल्मेट घालतो म्हणला. मग तो हात धुवायला गेल्यावर मी चावीनं दहा-बारा तारा ढिल्या केल्या. त्यानं छेडून बघितली आणि म्हणला, ह्यापेक्षा आमची म्हस गोड वरडती.

(परत सुरात लावायला तीन तास गेले. आठ वर्षं दर रविवारी यष्टीनं पाचगणी, आत मॅडमपुढं तू बोटं सोलून घेणार, बाहेर मी कणीस खात बसणार. घरी आल्यावर चावी मी फिरवायचो आणि तू कान लावून "अजून, अजून, बास" म्हणायचीस. लई कंटाळा यायचा तवा. आता मोबाईलमधल्या काट्याला विचारतो. सूर जमला की तो नुसता हिरवा होतो, बोलत काय न्हाय.)

तिसरी आली नेसरीची अनुजा, चौदा वर्षांची, बापाबरोबर. फळीला तारा ताणून, मोबाईलवर बघून शिकलीया. तिच्यासाठी मी सगळ्याच तारा ढिल्या करून ठेवल्या. तिनं एक छेडली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, "कुणी केलं हे?" मी म्हणलं, उंदीर. "उंदराला चावी फिरवता येती व्हय? द्या हिकडं." संध्याकाळपर्यंत बसून नुसत्या कानानं चौतीसच्या चौतीस लावल्या पोरीनं! मग वाजवली. तात्या दारातच चपला घालून उभं. शेवटी म्हणलं, "देऊन टाक, राजा." मी म्हणलं, ताईला विचारून सांगतो.

उत्तराची घाई न्हाय. जेवत जा.

तुझा,
राजवीर

ता. क. : घाई हाय. तू 'विकू नको' एवढंच लिही. हार्प गेली की तुला हितं यायला कारणच काय उरतंय?

ता. क. २ : वरचं लिहून चार दिवस झाले, पोस्टाचं तिकीट आणायचं राहिलं. काल मीच नेसरीला फोन केला, न्या म्हणलं. ती चांगलं वाजवती, ताई. टेम्पोत हार्पला धरून मी बी नेसरीपर्यंत गेलतो. तवा परवानगी नको आता. नुसती सुट्टी काढून ये. अर्जात तात्यांची तब्येत लिही. तात्या ठणठणीत हायत, पण 'भावाला करमत न्हाय' म्हणून कोण रजा देतंय?