राणोजीचा मऊभात

मद्रास, १२ ऑगस्ट १९५८

तीर्थस्वरूप विमलाताईस बाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाओजींचा दमा दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालतो. आम्ही खुशाल.

महिन्यापूर्वी तुमच्या वेंगुर्ल्याचा एक खलाशी, राणोजी, इथल्या बंदरात बोटीवर पायावर फळी पडून जायबंदी झाला. बोट त्याला इस्पितळात सोडून रंगूनला गेली. त्याची भाषा तिथे कुणाला कळेना, म्हणून निरोप आमच्या महाराष्ट्र मंडळाकडे आला. मंडळाने सभा घेतली (सभेशिवाय आम्हाला शिंकही येत नाही) आणि सात घरांनी सात वार वाटून घेतले. आजाऱ्याला काय न्यायचं हे कुणी कुणाला विचारतं का? सातही घरांतून मऊभात-मेतकूट. असे तीन आठवडे. चौथ्यात त्याने तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नसेल तर ऑपरेशन होणार नाही, आणि उशीर झाला तर पाय जाईल. मी समजूत घालायला गेलो, तर शांतपणे म्हणाला, "साहेबांनू, पाय मोडलो माझो. दात नाय मोडले."

त्याला बांगड्याचं तिखलं हवं होतं. आमच्या घरी ते अशक्य (घरमालक पद्मनाभ अय्यर लसणाच्या वासानेही जिना चढून येतात). शेवटी रायपुरमच्या धनलक्ष्मी कोळणीला खाणाखुणांनी गाऱ्हाणं सांगितलं. तिने स्वतः रांधून डबा भरून दिला. बसमध्ये शेजारी नेमके पद्मनाभ. डब्यात काय, म्हणाले. मी म्हणालो, मऊभात. तुमच्याकडे तांदूळ नासल्यावर शिजवतात का, असं त्यांनी नाक धरून विचारलं. मी हो म्हटलं. महाराष्ट्राची अब्रू गेली, पण राणोजीने डबा चाटूनपुसून संपवला. चिंच जास्त आणि आपल्याकडे माशात घालतात ती त्रिफळं नाहीत, एवढीच तक्रार. ऑपरेशन तीस तारखेला ठरलं आहे.

तुझा,
बाळकृष्ण

ता. क. पत्राचं खरं कारण : मूठभर त्रिफळं पाठव. त्याची आई भवानीबाई तुमच्या बंदरापाशीच राहते, तिच्याकडे मिळतील. तिला काही बोलू नकोस. तो बोटीवर मजेत आहे अशी पत्रं त्याच्या नावाने तिला मीच लिहितो.

ता. क. दुसरा. वरचं रद्द. आज ऑपरेशनच्या कागदासाठी जवळचं माणूस कोण, असं त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे बोट दाखवून 'काका' लिहायला लावलं. मी सही केली आणि बाहेर येऊन रडलो, ताई. त्रिफळं राहू देत. भवानीबाईंनाच बेळगावहून मद्रासच्या गाडीत बसव. स्टेशनवर मी उभा आहे.