छत्तीस नंबरचा झगा

३ जुलै
नातीची, म्हणजे बारकीची, कॉलेजची फी भरली. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. मधे तीन वर्षं आहेत, ती काय, चुटकीसरशी जातील. माहितीपत्रकात छापलाय तेवढाच खर्च. तो विषय आजपासून बंद.
पदवीदानाचे काळे झगे दरवर्षी इस्त्रीला मी कामाला आहे त्याच लाँड्रीत येतात. बारकीचे खांदे वितीने मोजले. छत्तीस नंबर बसेल.

९ जुलै
लायब्ररीचे वेगळे. ओळखपत्राचे वेगळे. खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, मग फी कसली घेतलीत, दाराची? तो म्हणाला, आजी, मागे रांग आहे. भरले. पण चांगलं सुनावून भरले.

२ ऑगस्ट
बसचा पास, पुस्तकं, प्रयोगाचा कोट, विकास निधी. कुणाचा विकास ते पावतीवर नाही. मेल्यांना लाज नाही. आजपासून माझा चहा बंद.

४ ऑगस्ट
चहावाचून डोकं ठिकाणावर नव्हतं, गिऱ्हाइकाचे दोन शर्ट जाळले. मालकाने पगारातून पैसे कापले. चहा चालू. त्यातच बचत आहे.

२० ऑगस्ट
डोकं असावं तर माझ्यासारखं. बारकीला लाँड्रीत सकाळची पाळी मिळवून दिली, सहा ते अकरा. फीचा प्रश्न मिटला. मुलगा कुरकुरला, आई, तिचे तास सकाळीच असतात. म्हटलं, तू नववीत गटांगळ्या खाल्ल्यास, मला कॉलेज शिकवू नकोस.

११ जानेवारी
झगे आले. एक्केचाळीस. घेऊन आलेल्या शिपायाला विचारलं, ही पोरं पहिल्या वर्षाला किती होती? म्हणाला, एकशेवीस. बाकीची कुठे गेली म्हटलं, तर हसला. त्यात दात काढण्यासारखं काय आहे? बाकीच्यांनी घरीच इस्त्री केली असणार. लोक चिकट असतात.
छत्तीस नंबरला जरा जास्त वाफ दिली.

१८ मार्च
हजेरी कमी म्हणून बारकीला परीक्षेला बसू देत नाहीत. तडक खिडकीवर गेले. म्हटलं, पैसे घेताना नाही विचारलंत पोरगी वर्गात असते का. कारकून म्हणाला, आजी, रोज सकाळी होती कुठे ती? म्हटलं, तुमची फी कमवत होती. त्याने मागच्याला पुढे बोलावलं. बारकी केव्हाच पायऱ्या उतरली होती. मीच जिंकले.
फी परत मिळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिलंच वर्ष, पुन्हा तीच फी. विकास निधीसकट.

२६ जून
बारकीने फॉर्म भरला नाही. मालकाकडे पूर्ण दिवसाची पाळी मागितली, मला न विचारता. एक वर्ष विश्रांती घेतेय, दुसरं काही नाही. हुशार मुलं घेतात. मुलगा माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे, घरात शांतता आहे.

१२ जानेवारी
झगे आले. अडतीस. बारकी माझ्या शेजारच्या टेबलावर असते. छत्तीस नंबर नेमका तिच्याच गठ्ठ्यात निघाला. म्हटलं, घालून बघ गं, कोण बघतंय. ती म्हणाली, आजी, चुरगळेल, परत इस्त्री मलाच करावी लागेल.
हँगरला लावून पुढचा घेतला तिने.
त्या झग्यावर मी बराच वेळ सुरकुती शोधली. एकही नव्हती.