कासवं सोडायला कोण जाणार

नंदिनी,

मेक्सिकोला गेल्यावर कोणी काय करायचं, ते तू लिहून फ्रिजवर लावलंस. मी सावकाश वाचलं. अन्वीबरोबर वाळूचा किल्ला तुझी आई करणार, तिला पोहायलाही त्याच नेणार आणि कासवाची पिल्लं समुद्रात सोडायलाही त्याच. मी मात्र सावलीत बसून पिशव्या सांभाळायच्या.

विहीणबाईंचा मान मोठा, मान्य. पण नात दोघींची आहे. त्या पुण्याला क्लबात पोहायला शिकल्या, मी विहिरीत शिकले, एवढाच काय तो फरक.

कासवांपुढचं त्यांचं नाव खोडून मी माझं लिहिलंय. पिशव्या माझा लेक शिरीष सांभाळेल.

शेजारच्या ऊर्जाबरोबर कोलोनच्या बाजारात पोहण्याचा पोशाख घ्यायला जाते आहे. वरण झालंय, भात तेवढा लाव. विहीणबाईंना फोनवर काही सांगू नकोस. मी पाण्यात उतरले की त्यांना दिसेलच.

– आई