राखणीला घरचं माणूस

३ फेब्रुवारी
वडिवळ्यास सुखरूप पोचलो. पुतण्या सत्यमने धरणाकाठी, पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी, नवा बंगला बांधला आहे. तो उघडेपर्यंत कोणी राहायला हवे होते. राखणीला घरचंच माणूस लागतं काका, असे तो म्हणाला. आईवडिलांवेगळ्या या मुलाला मी वाढवले. त्याचा हा विश्वास सुखावून गेला. निवृत्तीनंतर एवढे शांत पाणी प्रथमच पाहतो आहे.

५ फेब्रुवारी
पुण्यात मोबाइलवर इथल्या कॅमेऱ्यांचे चित्र अडखळते, अशी सत्यमची तक्रार. त्याने फोनवर सांगितले तसे व्हिडिओ सर्व्हरवर रिझोल्यूशन उतरवले, फ्रेमची गती निम्मी केली, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती जाते तो आकडा, बदलता ठेवला. दृश्य स्थिर असेल तर बिटरेटचा आकडा खाली राहतो. काही हलले की चढतो. व्यवस्था तर्कशुद्ध आहे. कॅमेरे चार: पाणी, फाटक, ओटी आणि माझी खोली. शेवटचा माझ्या वयाच्या काळजीपोटी, असे तो म्हणतो.

७ फेब्रुवारी
भर दुपारी पाण्याकडचा आकडा चढला. चित्रात गुरे नाहीत, वारा नाही. स्टुलावर चढून पाण्याचा आणि फाटकाचा असे दोन्ही कॅमेरे आपापसांत बदलले. आकडा पाण्याकडेच चढलेला राहिला. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. जेथे धूर तेथे अग्नी, हे मी न्यायशास्त्राच्या वर्गात आयुष्यभर शिकवले. हालचाल आहे, तर हलणारे कोणीतरी आहे.

८ फेब्रुवारी
स्वयंपाकाला येणाऱ्या हिरीबाईंना हे सांगितले. आबा, आकड्याला कुटं पाय असत्यात व्हय, म्हणून त्या हसल्या. मी राखणीला आलो आहे हे ऐकताच मात्र भाकरी थापायच्या थांबल्या. पान्यातल्याला राखण द्यावी लागती. सत्यमशेटनी दोनदा कोंबडं दिलं, त्यानं न्हाई घेतलं, म्हणाल्या. जावा हितनं, एवढे उंबऱ्यावरून सांगून निघून गेल्या. भाकरी तव्यावर करपली.

राखण म्हणजे पहारा. राखण म्हणजे बळीही. एका अर्थाने बोलून दुसरा साधणे, यास शास्त्रात वाक्छल म्हणतात. परंतु सत्यमने — नाही. त्याला मी वाढवले आहे.

१० फेब्रुवारी
पाणी शांत. आकडा आता फाटकाशी चढतो.
सध्या कोण पाहत आहे, हे सर्व्हर दाखवतो. सत्यम जोडलेला आहे. फोन केला. पाहतो आहे, उचलत नाही.

११ फेब्रुवारी
फाटकाला बाहेरून कुलूप. हाका मारल्या. आकडा ओटीवर.
सर्व्हरवरचे माझे अधिकार काढले आहेत. बदल करता येत नाही, फक्त पाहता येते. एकाच कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन वाढवले आहे. सर्वोच्च.
माझ्या खोलीचा.

१२ फेब्रुवारी
ओटी शांत झाली.
खोलीतला आकडा चढतो आहे. लिहिताना हात हलतो, म्हणून असेल. थांबून पाहतो —

थांबलो. श्वासही रोखला.
चढतोच आहे.

सत्यम, तू पाहतो आहेस. एवढेच सांग, राखण म्हणालास तेव्हा तुझ्या मनात कोणता अर्थ